चोरओटी

३ फेब्रुवारी २०१९, रविवार

विम्याच्या एजंटाने यंदा डायरी महिनाभर उशिरा दिली, म्हणून सुरुवात फेब्रुवारीपासून. तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या टिपण्या लिहिल्या, आता स्वतःच्या लिहिते. डायरी तुरीच्या डब्यामागे राहील. यांना स्वयंपाकघरात चहा-साखरेपलीकडे काही सापडत नाही. यांचं नाव नरहरी. एकदा लिहून टाकलं, पुढे 'हे'च लिहीन.

आज महिन्याचा पहिला रविवार, लेकीला, मंजिरीला, भेटायचा दिवस. यांना सांगते की आम्ही निवृत्त बायका मिळून जेवायला जातो. चार वर्षं ही थाप बिनबोभाट चालू आहे. शंकर नगरचं मेक्सिकन हॉटेल मीच ठरवलं. आमचं वेगळं राज्य झालं, शहर राजधानी झालं, भोपाळहून साहेब लोक आले, त्याच्या पुढच्याच वर्षी ते उघडलं. दारावर भली मोठी टोपी रंगवलेली, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव टोपीवालं. मंजिरीच्या दहावीच्या निकालाला आम्ही तिघं पहिल्यांदा गेलो होतो. राजमा भरलेली पोळी बघून हे म्हणाले होते की एवढ्यासाठी मेक्सिकोला कशाला जायचं. पुरानी बस्तीतलं आमच्या ओळखीचं कोणी तिकडे फिरकत नाही. आणि तिथलं अन्न कोणाच्याच घरचं नसतं, ते मला सोयीचं पडतं.

मंजिरीने २०१५ मध्ये यशदीपशी लग्न केलं. मुलगा सालस आहे, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर, मराठी, तोही अमरावतीकडचाच. पण बौद्ध. यांनी त्याच दिवशी सांगितलं की पोरगी या घरात येणार नाही आणि तिच्या घरचं पाणी आपण पिणार नाही. यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती बीरगांवला राहते, ऑटोने पाऊण तास. मी एकदाही गेलेली नाही. नवऱ्याचा शब्द मोडून कसं जाणार?

आज मंजिरीने टोमॅटोच्या कच्च्या चटणीला हात लावला नाही. पूर्वी वाटीभर नुसती खायची.

घरी आल्यावर यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सगळ्या बऱ्या आहेत ना, काय जेवल्या. यांना बायकांच्या जेवणाची एवढी चौकशी कशाला लागते कोण जाणे. मी म्हटलं, एकीला भूक नव्हती. तर म्हणे, काहून? मी म्हटलं, मला काय माहीत.

३ मार्च, रविवार

माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. कचेरीतही खाडाखोड मलाच आधी दिसायची. तर आज जे दिसलं ते लिहिते. मंजिरीचा चेहरा भरलेला, डोळ्यांखाली सूज. चपलेचे पट्टे पावलांत रुतलेले. चीजचा वास आला तशी तोंडाला रुमाल लावून मोरीकडे गेली, पाच मिनिटांनी आली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, पित्त. म्हटलं, कधीपासून? म्हणाली, दीड-दोन महिने.

मी पुढे काही विचारलं नाही. आमच्यात पहिले तीन महिने या गोष्टीचा उच्चार करत नाहीत. आई आणि सासूसुद्धा मनात समजून घेतात, तोंडाने बोलत नाहीत, बोलल्याने दृष्ट लागते. तिला ते माहीत आहे म्हणूनच ती बोलली नाही. मी फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. मला उत्तर मिळालं.

बत्तिसावं सरून राहिलं आहे तिला. चार वर्षं मी मनातल्या मनात नवस करत होते.

७ एप्रिल, रविवार

आज तिला उसासा टाकल्याशिवाय खुर्चीवरून उठता येत नव्हतं. ऊन मरणाचं, तरी पूर्ण बाह्यांचा कुडता घालून आलेली. म्हटलं, शिजशील. म्हणाली, आता असेच बरे वाटतात. डोहाळे कसलेही लागतात. मला मंजिरीच्या वेळी पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची.

हॉटेलातला जुना वेटर भैय्यालाल मात्र आता सैल पडत चालला आहे. सोळा वर्षं त्याला बघते, पण आज मंजिरीपुढे अर्धाच पेला पाणी ठेवलं. मी म्हटलं, भरून आणा. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मंजिरीच म्हणाली, रहने दो भैया. पुन्हा तिच्यासाठी त्याने न मागता साधा पांढरा भात आणला, वर काही नाही. मेक्सिकन हॉटेलात येऊन कोरडा भात. मी माझं बीन्सचं सगळं संपवलं.

घरी यांनी विचारलं, सगळ्या बऱ्या? म्हटलं, फार बऱ्या. हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

१९ एप्रिल, शुक्रवार

सदर बाजारातून खण आणला, हिरवी साडी आणली, हिरवा चुडा आणला. चोरओटी भरायची ठरवलं आहे. डोहाळजेवण चारचौघांत होतं, पण त्याच्या आधीची ही ओटी चोरूनच भरायची असते, आईने, कोणाला न सांगता. आमच्या परिस्थितीला याहून योग्य रीत कुठली असणार? दुकानदाराने विचारलं, घरात काही आहे का. मी हसले नुसती. किती दिवसांनी बाजारात हसले.

मनात हिशेब मांडून ठेवला आहे. हे पोरीवर रुसतील, जावयावर रुसतील, पण नातवंडावर रुसतील असा माणूस मी पाहिलेला नाही. लेकरू आलं की हे दार उघडतील.

५ मे, रविवार

सगळं लिहून ठेवते.

दुपारी हॉटेल रिकामं होतं. भैय्यालालला कोपऱ्यातलं टेबल मागितलं. मी पिशवीतून कुंकवाचा करंडा, तांदूळ, नारळ, खण, साडी काढली. मंजिरी बघतच राहिली. म्हणाली, "आई, हे काय करून राहिली तू?" मी म्हटलं, "चूप. बोलायचं नसते." तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिने भैय्यालालकडे बघितलं, तो काउंटरकडे तोंड फिरवून उभा राहिला.

मग तिने पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली. मी पाच वेळा ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, कपाळाला कुंकू लावलं. बांगड्या भरायला हात मागितला तर तिने उजवा पुढे केला. डावा टेबलाखालीच ठेवला. म्हटलं, दोन्ही दे, एका हाताला चुडा भरत नाहीत. म्हणाली, डावा दुखतो, राहू दे. मी एकाच हातात सगळ्या भरल्या. रीत थोडी चुकली, पण दिवस चांगला होता.

ती खूप रडली. माहेर आठवलं की पोरी रडतातच. मीही रडले.

निघताना म्हणाली, "आज घरी चलते का माझ्या? अत्याबाई वाट पाहून राहिल्या असतील." अत्याबाई म्हणजे तिची सासू, शेवंताबाई. मी म्हटलं, बाई गं, यांचा शब्द. तिने मान हलवली. ऑटोत बसताना ओटीचं गाठोडं छातीशी धरून बसली होती.

६ मे, सोमवार

यांना सांगून टाकलं. थापही कबूल केली, चार वर्षांची. हे म्हणाले, "मले मालूम होतं." मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, पहिल्या महिन्यापासून, तुझ्या साडीला चीजचा वास येते, तुझ्या मैत्रिणी इडलीच्या पुढं जात नाहीत. म्हणजे दर महिन्याला सगळ्या बऱ्या आहेत ना, असं हा माणूस एकीचंच विचारत होता. मला हसू आलं आणि रागही आला.

मग मी लेकराचं सांगितलं. हे उठून गच्चीवर गेले. रात्री जेवले नाहीत.

९ मे, गुरुवार

आज चहा पिताना म्हणाले, कितवा? म्हटलं, पाचवा लागला असेल. म्हणाले, पुढच्या वेळी मीही येतो.

माझा हिशेब बरोबर निघाला.

२ जून, रविवार

आजचं आजच लिहिते.

यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाळासाठी चांदीचा वाळा घेतला होता, खिशात. मंजिरी आधीच बसलेली होती, यशदीप सोबत होता, पहिल्यांदाच. बापाला बघून ती उभी राहिली आणि टेबलाला धरून पुन्हा बसली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांनी. म्हणाले, "बस, बस. अशा दिवसांत उभं राहायचं नसते."

यशदीपने तिच्याकडे पाहिलं. मंजिरीने डाव्या हाताची बाही वर केली. कोपराजवळ शीर दोरीसारखी फुगलेली, बाजूला सुयांचे काळे डाग.

ती म्हणाली, "बाबा, बाळ नाही आहे. किडनी गेली माझी. दोन्ही. एप्रिलपासून डायलिसिसवर आहे, हप्त्यात तीन वेळा."

मी म्हटलं, मग तेव्हा काहून नाही बोलली? ओटी काहून घेतली? माझा आवाज चढला होता. भैय्यालाल जवळ येऊन पुन्हा मागे गेला. मंजिरी खाली बघून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्हाले वाटलं असतं, चार साल नाही आली आन् आता किडनी मागायले आली."

यशदीपने हळूच सांगितलं की त्याचा रक्तगट जुळत नाही आणि त्याच्या आईला रक्तदाब आहे. डिसेंबरपासून माहीत आहे. तो म्हणत होता सासरी सांगू, तिने शपथ घातली.

हे उठले आणि बाहेर चालू पडले. मी मागे धावले तर ऑटो निघून गेला होता. परत आले तर मंजिरी म्हणाली, "पाहिलं आई?"

सूज, ओकारी, अर्धा पेला पाणी, कोरडा भात, बाह्या. तीन महिने सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. दृष्ट लागेल म्हणून मी एक प्रश्न विचारला नाही.

३ जून, सोमवार

हे सकाळी सहाला न सांगता गेले. पिशवी नेली. नागपूरला भावाकडे गेले असणार. रागावले की तिकडेच जातात. असा कसा बाप, असं मनात आलं आणि ते इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी आले. कोपराच्या खळीत कापूस चिकटवलेला. म्हणाले, शुगर तपासली.

मी आधीसारखी समजून घेऊन गप्प बसणार होते. मग म्हटलं, आता नाही. समोर बसले आणि विचारलं, खरं सांगा, कुठे गेला होता? म्हणाले, "तिच्या हॉस्पिटलात. माझा गट जुळते."

मला साखरेचा आजार, माझी घेत नाहीत, हेही विचारून आले होते. वय चौसष्ट, पण तब्येत ठणठणीत, डॉक्टर म्हणाले बाकीच्या तपासण्या करू. हे भिंतीकडे बघून म्हणाले, "डिसेंबरात मालूम झालं असतं तर आतापर्यंत झालंही असतं."

डिसेंबरचं मला माहीत नव्हतं. पण मार्चचं माझं आहे.

२० जून, गुरुवार

तपासण्या एकेक होत आहेत. कागदपत्रं, समितीची मंजुरी, सगळं धरून जुलै अखेर म्हणतात. हे डायलिसिसच्या दिवशी चार-चार तास तिच्या खाटेजवळ बसतात. दोघं फारसं बोलत नाहीत. हे वर्तमानपत्र वाचून दाखवतात, ती डोळे मिटून ऐकते. यशदीपला परवा 'जेवला का' विचारलं यांनी. तो आधी गांगरला, मग हिंदीतच म्हणाला, जी, खा लिया बाबा.

हे मला म्हणाले, वनमाला, बीरगांवले जाऊन ये एकदा, शेवंताबाईंले भेट. शब्द त्यांचा होता, त्यांनीच मोकळा केला. मी म्हटलं, ऑपरेशन झालं की रीतसर जाऊ, साडीचोळी घेऊन. आता हॉस्पिटलात भेट होतेच ना.

आज लिहिताना मला कळतं आहे की शब्द यांचा होता, पण चार वर्षं त्याच्याआड मी लपले होते. त्या घरी ताटावर बसायचं माझ्याही मनाला जड जात होतं. यांच्या नावावर खपवलं, एवढंच. आई म्हणवते मी स्वतःला.

५ जुलै, शुक्रवार

आज हे बाहेर गेले होते, मी तिच्याजवळ होते. मी माफी मागितली. ओटीची. म्हटलं, तुझं काय झालं असेल त्या वेळी, मी किती मूर्ख.

ती म्हणाली, "नाही आई. मी तुले थांबवू शकली असती. पण तू तांदूळ टाकत होती ना, तेव्हा पाच मिनिटं मलेही खरं वाटलं."

१० जुलै, बुधवार

मंजिरीला ताप. छातीत कफ झाला आहे. डॉक्टर म्हणतात ताप उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. तारीख पुढे गेली. हे म्हणाले, दोन आठवड्यांनी काय बिघडते, मी कुठं पळून चाललो.

१३ जुलै, शनिवार

आत घेतलं तिला. काचेतून बघू देतात. यशदीप दोन दिवस घरी गेलेला नाही.

१६ जुलै, मंगळवार

मंजिरी सकाळी सव्वानऊला गेली.

१८ जुलै, गुरुवार

काल हॉस्पिटलातून यांना फोन आला, उरलेल्या तपासणीला कधी येता. ज्याने फोन केला त्याला माहीत नसेल. यांनी 'आता जरूर नाही' म्हणून फोन ठेवला आणि तिथेच खाली बसले. मी उठवलं तर म्हणाले, दोन आहेत माझ्याजवळ, दोन्ही चांगल्या, त्यांचं आता मी काय करू?

मी रागावणार होते कोणावर तरी. कोणी सापडलं नाही.

२१ जुलै, रविवार

आज बीरगांवला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पहिल्यांदा तिच्या दारात उभी राहिले तेव्हा आत मंजिरी नव्हती. दोन खोल्या, पुढे छोटं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्याखाली तिचा फोटो. भंतेजींनी वंदना म्हटली. मला शब्द येत नव्हते, हात जोडून बसले. हे यशदीपच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. वंदना झाल्यावर यांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. तो तांब्याच घेऊन आला. यांनी सगळा प्यायला आणि मग तोंड झाकून रडले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, मी यांना रडताना पाहिलेलं नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर शेवंताबाई मला आत घेऊन गेल्या. लहानखुऱ्या आहेत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. डबे ओळीने लावलेले, प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी. शेवंताबाईंनी ताट वाढलं. कार्यक्रमाचं जेवण बाहेर होतं, हे वेगळं होतं. पाटोडीचा रस्सा आणि भाकर.

एक घास घेतला आणि थांबले. ती चव माझ्या हातची होती. खसखस भाजून घालायची, खोबरं जरा जास्त जाळायचं, ते मी माझ्या आईकडून शिकले आणि दुसऱ्या कोणाच्या घरी तसं करत नाहीत. मी शेवंताबाईंकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "तिनंच शिकवली मले. दर पयल्या रविवारी सकाळी उठून करे. म्हणे, अत्याबाई, हॉटेलात मी कमीच खाईन, आज माय येईन माझ्यासंग, मंग इथंच जेवू आम्ही. एखादी वेळ विसरली नाही. अंगात ताकद नोती तरी स्टूलावर बसून करे. मंग एकटीच ये वापस. राती आम्ही तिघं खात बसो."

मग म्हणाल्या, "आज रविवार हाय. तुमी येणार, हे मले मालूम होतं. म्हणून केली."

मी हॉटेलात दर वेळी तिला म्हणत असे, काही खात का नाहीस गं.

शेवंताबाईंनी विचारलं, आणखी वाढू का? मी ताट पुढे केलं.